कागदी कप आणि एक आडनाव : एका अभिवाचनाचं प्रकरण

(यातली माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून शहर, संस्था आणि नाटकाचं नाव गाळलं आहे.)

पार्श्वभूमी

अमेरिकेच्या मध्यपश्चिमेतल्या एका शहरात एक छोटी नाट्यसंस्था दर हिवाळ्यात चार नव्या नाटकांचा महोत्सव भरवते. लेखक नवोदित असावा आणि 'ऑफ कलर' असावा, एवढ्या दोनच अटी. कृष्णवर्णीय, लॅटिनो, आशियाई, अरब, मूलनिवासी. थोडक्यात, गोरा नसलेला. मराठीत याला धड शब्द नाही. एकदा फोनवर आईला समजावताना मी 'रंगाचे रंगकर्मी' असं काहीतरी म्हणाले, तर तिने विचारलं, "म्हणजे नेपथ्यवाले का?" तेव्हापासून मी 'गोरेतर' म्हणते.

असे महोत्सव का लागतात? जून १९९६मध्ये ऑगस्ट विल्सन या कृष्णवर्णीय नाटककाराने प्रिन्स्टनला देशभरातल्या नाट्यसंस्थांच्या परिषदेत एक भाषण केलं. व्यावसायिक प्रादेशिक नाट्यगृहांच्या संघटनेत तेव्हा ६६ संस्था होत्या. त्यांतली कृष्णवर्णीयांची म्हणता येईल अशी एकच, हे त्याने तिथे उभं राहून सांगितलं. ती एक म्हणजे न्यू जर्सीतल्या न्यू ब्रन्सविकचं क्रॉसरोड्स थिएटर. आपल्या मराठी माणसांच्या एडिसनला लागूनच आहे ते, आणि किराणा आणायला एडिसनला जाणाऱ्या किती जणांना ते ठाऊक आहे, कोण जाणे. गोऱ्यांसाठी लिहिलेल्या भूमिकांत काळे नट बसवून समानता येत नाही, आमची नाटकं आणि आमची घरं आम्हाला हवीत, असा त्याचा मुद्दा होता. त्यावर पुष्कळ वाद झाला. पुढे २०२०च्या जूनमध्ये तीनशेच्या वर गोरेतर रंगकर्मींनी अमेरिकन 'गोऱ्या रंगभूमी'ला उद्देशून एक उघडं पत्र लिहिलं आणि त्यानंतर जिकडेतिकडे असे महोत्सव दिसू लागले. माझं निरीक्षण असं, की त्यांत वाचनं उदंड होतात आणि प्रयोग मोजके. हे अंगावर नवा सदरा घालून बघायला देऊन दुकानातच काढून घेण्यासारखं आहे. असो.

आमचाही महोत्सव वाचनांचाच. नव्वद खुर्च्यांचं काळं खोकं म्हणावं असं नाट्यगृह, नटांसमोर म्युझिक स्टँड, हातात संहिता, नेपथ्य शून्य, रंगसूचना वाचायला एक माणूस. नटांच्या युनियनच्या नियमांतली 'एकोणतीस तासांचं वाचन' ही पद्धत आम्ही पाळतो. तालमी आणि वाचन मिळून एका नटाचे दोन आठवड्यांत २९ तास, त्यावर मिनिटही नाही.

मी तिथे ड्रामाटर्ग आहे. म्हणजे लेखकासोबत संहितेवर बसायचं, दिग्दर्शकाला संदर्भ पुरवायचे, कुठे कळत नाही ते लेखकाच्या आधी आपण शोधायचं. पोटापाण्याची नोकरी वेगळी. संस्थेत मराठी कळणारी मी एकटी. या प्रकरणातला निम्मा घोळ या एका गोष्टीतून झाला.

नाटक

२०२३च्या उन्हाळ्यात ही संहिता आली. निवडीच्या वेळी आम्ही लेखकांची नावं झाकतो, पण या संहितेत अर्धे संवाद मराठीत होते, तेही देवनागरीत, त्यामुळे झाकण्यात अर्थ उरला नाही. पाचपैकी दोन वाचकांनी 'कळलं नाही' म्हणून गुण कापले. मी रात्रभर बसून मराठी भागाचं इंग्रजी करून दिलं आणि बैठकीत भांडले. नाटक निवडलं गेलं.

गोष्ट साधी आहे. पुण्याची आजी सहा महिन्यांसाठी मुलाकडे आलेली. थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत नात विद्यापीठातली मैत्रीण घरी आणते. मैत्रीण मराठीच निघते. आजी हरखून जाते, मुलीला जवळ बसवते, केसांचं कौतुक करते. मग विचारते, "आडनाव काय म्हणालीस?" मुलगी सांगते. "गाव कोणतं?" तेही सांगते. आजी उठून चहा टाकते. घरच्यांचा चहा निळ्या फुलांच्या कपांत येतो आणि पाहुणीचा कागदी कपात.

बस्स. पुढची चाळीस पानं त्या कपाभोवती फिरतात, पण कपाबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही. कारण अमेरिकेत कागदी कप देणं हे काही वावगं नाही. धुवायचा त्रास नको म्हणून दिला, असं कोणीही म्हणू शकतं. गावाकडे जो कप कोनाड्यात वेगळा ठेवावा लागे, तो इथे वापरून कचऱ्यात टाकता येतो. लेखिकेची नजर किती बारीक आहे, ते मला इथे कळलं.

लेखिका तिशीच्या आतली. मराठवाड्यातल्या बौद्ध घरातली, पुण्यात शिकलेली, नंतर इथे येऊन नाट्यलेखनात एमएफए ही पदव्युत्तर पदवी घेतलेली. मला ती ताई म्हणते. आणि माझं आडनाव असं आहे, की ते मला आजवर कोणी दोनदा विचारलेलं नाही.

पहिला फाटा : परिचयाच्या चार ओळी

ऑगस्टमध्ये माहितीपत्रकासाठी आणि महोत्सव-संचालिकेसाठी नाटकाचा सारांश मी लिहिला. 'तीन पिढ्या, एक स्वयंपाकघर आणि परदेशात सोबत येणाऱ्या सवयी' अशा थाटाचा. 'जात' हा शब्द त्यात नव्हता. रहस्य फुटू नये म्हणून गाळला, असं मी स्वतःला सांगितलं. लेखिकेने सारांश पाहिला, "ठीक आहे ताई" म्हणाली. ती नवीन आणि मी निवड समितीतली. तिच्या 'ठीक आहे'ला मी संमती समजले.

याच सुमारास मी पडद्यावर दाखवायच्या इंग्रजी ओळींचा पहिला खर्डा केला. "आडनाव काय म्हणालीस?" याचं मी केलं होतं, 'तुझे घरचे कुठले?' त्यावर मात्र लेखिकेचा दोन ओळींचा मेल आला. "ताई, आजी आडनाव विचारते. तुम्ही कोणाला वाचवताय?"

मी ओळ बदलली. सारांश तसाच राहिला.

दुसरा फाटा : आजी कोण करणार

आजीच्या भूमिकेसाठी न्यू जर्सीहून एक मराठी व्यावसायिक नटी येणार होती. वाचनाला तीन आठवडे असताना तिला मालिकेचं काम मिळालं आणि ती गेली. यात तिचा दोष नाही. वाचनाच्या मानधनात कोणाचं भाडं निघत नाही.

आमच्यासमोर चार वाटा होत्या. शहरात साठीची एक उत्तम गुजराती नटी होती, युनियनची सदस्य. ती मराठी ओळी रोमन लिपीत पाठ करायला तयार होती. दुसरी वाट, मराठीऐवजी हिंदी करायचं, म्हणजे नट सहज मिळाले असते. तिसरी, सगळंच इंग्रजीत, आजीला थोडा हेल देऊन. चौथी, स्थानिक महाराष्ट्र मंडळातल्या एका काकूंना विचारायचं. काकू सत्तरीच्या. ऐंशीच्या दशकात बँकेच्या संघातून राज्य नाट्य स्पर्धेत उतरायच्या. व्यावसायिक अनुभव नाही, पण मायक्रोफोनशिवाय शेवटच्या रांगेत पोचणारा आवाज.

दिग्दर्शक, फिलिपिनो वंशाचा तरुण, पहिल्या वाटेच्या बाजूचा. तो म्हणाला, प्रेक्षकांना फरक कळणार नाही. खरंच कळला नसता. आणि ऑगस्ट विल्सनने सत्तावीस वर्षांपूर्वी ज्याच्यावर बोट ठेवलं होतं ते नेमकं हेच नव्हे का, फक्त गोऱ्यांच्या जागी आम्ही होतो. 'दिसायला एकसारख्या' बायकांपैकी कोणीही चालेल, असं गोरेतरांच्या महोत्सवातच आम्ही म्हणत होतो. हिंदी करण्याला लेखिकेने एका वाक्यात नकार दिला : हिंदीत ती आजी कोणत्याही घरातली होईल, मराठीत ती एका विशिष्ट घरातलीच आहे. 'म्हणालीस'मधला तो 'स' तिला सोडायचा नव्हता.

काकूंना घ्यायचं ठरलं. हा निर्णय मला आजही बरोबर वाटतो. मात्र विचारायला गेले तेव्हा मी काकूंना भूमिका 'पुण्याची आजी, जरा जुन्या वळणाची' एवढीच सांगितली. संहिता दिली, पण सोबत बसून वाचली नाही. वेळ नव्हता, हे कारण आहे आणि पळवाटही.

तालमी

काकू पहिल्या दिवशी डबाभर चिवडा घेऊन आल्या आणि दोन तासांत सगळ्यांना खिशात टाकलं. युनियनच्या नियमाने ८० मिनिटांनी दहा मिनिटांची सुट्टी द्यावी लागते. रंगमंच व्यवस्थापक "टेन" असं ओरडते आणि सगळे एका सुरात "थँक यू, टेन" म्हणतात. काकूंना याची भारी मौज वाटायची. "आमच्याकडे चहा आला की सुट्टी, चहा संपला की तालीम," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या तालमीत कपाचा प्रवेश आला. संहितेत आजीची ओळ आहे, "घे. गरम आहे." काकूंनी कागदी कप पुढे करत म्हटलं, "घे हं बाळा. गरम आहे, जपून."

दिग्दर्शक खूश झाला. किती ऊब आहे या बाईत, म्हणाला. त्याला मराठी येत नव्हतं. त्याला आवाज ऐकू आला, आणि आवाजात ऊब होतीच. मला कळलं की चाळीस पानांचा पाया एका 'बाळा'ने सरकला. आजीने इतक्या मायेने कप दिल्यावर तो कागदाचा असो नाहीतर सोन्याचा, काय फरक पडतो? मी काही बोलले नाही. सुट्टीत काकूच मला म्हणाल्या, "अगं, आमच्यात असलं काही नव्हतं हो. कागदी कप तर मी विहीणबाईंनाही देते."

पुढच्या तालमीलाही मी गप्प बसले. काकू नाराज होऊन सोडून गेल्या तर आजी कुठून आणायची, ही भीती होती. ती खरी होती, पण एकटी नव्हती. काकू माझ्या आत्याच्या मैत्रीण आहेत. त्यांच्या घरी मी गणपतीला जेवते.

लेखिका दिवसा महाविद्यालयात शिकवायची, त्यामुळे तिसऱ्या तालमीलाच येऊ शकली. 'बाळा' ऐकताच तिने पेन्सिल खाली ठेवली. माझ्याकडे पाहिलं. मी मान वळवली.

तिसरा फाटा : 'बाळा'चं काय करायचं

नियम काय सांगतो ते स्वच्छ आहे. अमेरिकन रंगभूमीवर संहितेची मालकी लेखकाकडे राहते आणि त्याच्या परवानगीवाचून शब्द बदलता येत नाही. नाटककारांची संघटना, ड्रामाटिस्ट्स गिल्ड, याबाबत कडक आहे. महाराष्ट्रात रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळ संहितेवर शिक्का मारतं आणि बदल करायचा तर पुन्हा मंडळाकडे जावं लागतं. प्रत्यक्षात पन्नासाव्या प्रयोगापर्यंत नटांनी पदरचं काय काय घातलेलं असतं, ते आपल्याला माहीत आहे. काकू त्या परंपरेतल्या. आपण चूक केली असं त्यांच्या स्वप्नातही नव्हतं.

दिग्दर्शकाला मी तेव्हा, उशिरा का होईना, एका शब्दाने काय झालं ते सांगितलं. तो भडकला, आणि त्याचं भडकणं रास्त होतं. दोन तालमी तू गप्प का होतीस, या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. त्याने सुचवलं, काकूंना सांगून टाकू : लिहिलंय तेवढंच म्हणा. मला वाटलं काकूंना वेगळं घेऊन समजवावं. 'समजवावं' म्हणजे गोड बोलून विषय टाळावा, हे आता कळतं.

लेखिकेने दोन्ही नाकारलं. सुट्टी झाली तेव्हा ती कॉफीच्या टेबलापाशी काकूंजवळ जाऊन उभी राहिली आणि सहज विचारलं, "काकू, तुमच्या लहानपणी मागच्या अंगणात काम करायला कोणी यायचं का हो?"

"येत असे ना."

"चहा द्यायचे तिला?"

"म्हणजे काय. आईचं रोजचं होतं ते. कान तुटलेला एक कप होता, न्हाणीघराच्या खिडकीत. ती स्वतःच घेऊन धुऊन पुढे करायची, आई वरून..." काकूंनी हात उंच धरून चहा ओतण्याची खूण केली. मग तो हात तसाच राहिला.

व्यवस्थापक सुट्टी संपल्याचं सांगायला आली होती, ती दारातच थांबली. दहाची बारा मिनिटं झाली. त्या २९ तासांतली ती दोन मिनिटं आम्ही लिहून ठेवली नाहीत.

लेखिका एवढंच म्हणाली, "मला त्या हाताची उंची हवी आहे." आणि तिने 'बाळा' काढला नाही, हलवला. नव्या ओळीत आजी कागदी कप पाहुणीपुढे टेबलावर ठेवते, "घे. गरम आहे." मग नातीच्या हातात निळ्या फुलांचा कप देते, "घे हं बाळा, जपून." काकूंच्या तोंडून आलेली ऊब तशीच राहिली, फक्त कोणाच्या वाट्याला जाते ते दिसू लागलं. इतकी वर्षं संहितांवर बसते आहे, पण नटाच्या आडकाठीतून असा प्रवेश काढलेला मी दुसरा पाहिला नाही.

काकू त्या रात्री माझ्या गाडीतून घरी आल्या. वाटेत एक शब्द बोलल्या नाहीत. उतरताना म्हणाल्या, "उद्या सहालाच ना?"

चौथा फाटा : तक्रार

वाचनाला नऊ दिवस असताना संचालिकेला एक मेल आला. महाराष्ट्र मंडळातल्या कोणाला तरी काकूंकडून नाटकाचा विषय कळला होता. मेलचा आशय असा : जात भारतातच संपत आली, इथे कोणी मानत नाही, हे नाटक आमच्या मुलांना शाळेत मान खाली घालायला लावेल, कार्यक्रम रद्द करा. सोबत मंडळाने एकत्र काढलेली २२ तिकिटं परत. नव्वदातली बावीस.

ही तापलेली हवा कुठून आली ते सांगायला हवं. त्याच वर्षी फेब्रुवारीत सिअॅटल हे जातिभेदावर बंदी घालणारं अमेरिकेतलं पहिलं शहर ठरलं होतं. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने तसंच विधेयक मंजूर केलं आणि ७ ऑक्टोबरला राज्यपाल गॅविन न्यूसम यांनी ते नाकारलं. आधीच्या कायद्यांत हे येतंच, असं त्यांचं म्हणणं. त्या दोन महिन्यांत आमच्या व्हॉट्सअॅप गटांवर दिवाळी फराळाच्या ऑर्डरींपेक्षा याचीच चर्चा जास्त होती. आमचं नाटक त्याच्या मधोमध येऊन पडलं.

संचालिका अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यातली, कृष्णवर्णीय. तिने मला बोलावलं आणि मेल पुढे सरकवला. आपल्याच महोत्सवातल्या नाटकाचा विषय तिला तक्रारदाराकडून कळत होता. माझा सारांश तिच्या टेबलावरच होता. ती रागावून बोलली असती तर बरं झालं असतं. मी कपाचा प्रसंग सांगितला. तिने विचारलं, "वेगळा कप घरात कुठे ठेवतात?" मी म्हटलं, न्हाणीघराच्या खिडकीत. तिची आजी ज्या घरी स्वयंपाक करायची तिथे मुरंब्याची रिकामी बरणी मागच्या व्हरांड्यात असायची, असं ती म्हणाली आणि लगेच कामाचं बोलू लागली.

विश्वस्तांच्या बैठकीत पर्याय आले. रद्द करणं कोणालाच नको होतं. एकाने सुचवलं, कार्यक्रमपत्रिकेत 'हे चित्रण संपूर्ण समाजाचं नाही' अशी टीप टाकू. संचालिकेने विचारलं, उरलेल्या तीन नाटकांना अशी टीप आहे का? नव्हती. दुसऱ्याचं म्हणणं, वाचनानंतर 'दोन्ही बाजूंची' चर्चा ठेवू. लेखिकेचं मत विचारलं. माझ्या नाटकाला दुसरी बाजू हवी असेल तर ती दुसऱ्याने लिहावी, असं तिने कळवलं.

शेवटी तीन गोष्टी ठरल्या. तक्रारीला संस्थेने सहीनिशी उत्तर द्यायचं, माझ्यामार्फत गोड निरोप पाठवायचा नाही. माहितीपत्रकातला सारांश लेखिकेने पुन्हा लिहायचा. तिने पाच ओळींत लिहिला आणि तिसऱ्याच शब्दाला 'जात' होता. आणि वाचनानंतरच्या गप्पा नृत्यदिग्दर्शिका लिझ लर्मन यांच्या पद्धतीने घ्यायच्या. त्यात चार टप्पे असतात : आधी प्रेक्षकांनी काय भिडलं ते सांगायचं, मग कलावंताने प्रश्न विचारायचे, मग प्रेक्षकांनी मत न मिसळता प्रश्न विचारायचे, आणि मत सगळ्यात शेवटी, तेही कलावंताची परवानगी घेऊन. आपल्याकडे चर्चेची सुरुवात 'नाटक चांगलं होतं, पण' अशी होते. या पद्धतीत 'पण'ला बरंच थांबावं लागतं. सूत्रसंचालन मी करायचं नाही, हे मीच सुचवलं.

वाचनाची संध्याकाळ

डिसेंबरचा पहिला शनिवार, बाहेर बर्फ. परत आलेल्या बावीस तिकिटांपैकी पंधरा दारावर पुन्हा विकली गेली. मंडळातले सात-आठ जण स्वतःचं तिकीट काढून आले होते आणि कोपऱ्यात एकत्र बसले होते.

पडद्यावरच्या ओळींबद्दल आम्ही शेवटच्या तालमीपर्यंत घासाघीस केली होती. "आडनाव काय म्हणालीस?" याचं सरळ इंग्रजी ठेवलं. पण तेवढ्याने अमेरिकन माणसाला काही होत नाही. त्याला बँकेतही आडनाव विचारतात. पत्रिकेत टीप देऊन समजवावं, असं माझं मत होतं. लेखिकेने उलटं केलं. त्या प्रश्नानंतरच्या चार ओळींना तिने भाषांतरच दिलं नाही. पडदा कोरा.

झालं असं. काकूंनी आडनाव विचारलं तेव्हा बहुतेक प्रेक्षक हसले, खाष्ट आजीला हसतात तसे. मराठी कोपरा गप्प. मग पडदा कोरा झाला आणि हसणाऱ्यांना कळेना की आपण कशाला हसलो. त्यांनी वर पाहिलं, काही नाही. नटांकडे पाहिलं. मग, हे मी कडेला बसून पाहिलं, काहींनी वळून त्या गप्प कोपऱ्याकडे पाहिलं. काकूंनी कागदी कप हात उंच ठेवूनच टेबलावर सोडला. त्याचा आवाज जवळजवळ आलाच नाही.

मध्यंतर नव्हतं. तरी दोन जण उठून गेले, कोट घालण्याचा आवाज करत.

परिणाम

गप्पांमध्ये एका कृष्णवर्णीय गृहस्थांनी कपाबद्दल विचारलं, लेखिकेने उत्तर दिलं नाही, उलट विचारलं की तुम्हाला काय दिसलं. मंडळातल्या एका काकांनी मत मांडण्याची परवानगी मागितली. लेखिका 'हो' म्हणाली. ते उभे राहिले, आणि "मराठी फार छान होतं" असं म्हणून खाली बसले. त्यांच्या मनात तेच होतं की आणखी काही, मला सांगता येणार नाही.

काकूंना मंडळाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमात दर वर्षी निवेदन असायचं. त्या जानेवारीत नव्हतं. कोणी काही म्हणालं नाही, 'नव्या मुलींना संधी' एवढंच. त्याची किंमत आम्ही कोणीच आधी मोजली नव्हती. करार काकूंशी केला, मानधन दिलं, पण त्या वाचनानंतर परत त्याच चार घरांत राहणार आहेत, हा विचार एकाही बैठकीत झाला नाही.

नाटकाचं म्हणाल तर दोन संस्थांनी संहिता मागवली. एकीने विचारलं, आजी इंग्रजीत बोलली तर चालेल का? लेखिकेने नाही म्हटलं आणि तिथेच ते थांबलं. दुसरीने आणखी एक वाचन ठेवलं. प्रयोग अजून नाही.

वेगळं काय करता आलं असतं

सारांश लेखिकेकडूनच घ्यायला हवा होता, पहिल्या दिवसापासून. आता चारही नाटकांना तो नियम आहे. संचालिकेला ऑगस्टमध्ये विषय ठाऊक असता, तर तक्रारीचा मेल तिने पाच मिनिटांत हातावेगळा केला असता.

काकूंसोबत मी संहिता ओळ न् ओळ वाचायला हवी होती, तालमीच्या आधी, त्यांच्याच स्वयंपाकघरात. कदाचित त्यांनी नकार दिला असता. तो त्यांचा हक्क होता आणि मी तो घाईने खाल्ला. मात्र तसं झालं असतं तर 'बाळा'चा प्रवेश मिळाला नसता, हेही खरं आहे आणि त्याचं काय करायचं ते मला कळत नाही.

दोन तालमींतल्या माझ्या गप्प राहण्याला मी बराच काळ 'दिग्दर्शकाच्या कामात ढवळाढवळ नको' असं नाव दिलं होतं. दिग्दर्शकाला भाषा येत नसेल तेव्हा हा शिष्टाचार उरत नाही. त्या खोलीत मराठीचं दार माझ्या हातात होतं. काय आत सोडायचं ते मी ठरवत होते आणि मी कोणत्या घरातून आले हे कोणीच विचारलं नव्हतं. 'गोरेतर' या एका छत्रीखाली संचालिकेला मी आणि लेखिका एकाच बाजूच्या वाटलो होतो. तिची चूक नाही. तो समज मला सोयीचा होता.

कोरा पडदा मात्र माझ्या मनासारखं झालं असतं तर गेलाच असता.

आता द्विभाषिक संहितेला त्या भाषेचे दोन वाचक लागतात, आणि दोघं एकाच वर्तुळातले चालत नाहीत. यंदा दोन मराठी संहिता आल्या आहेत. दुसरे वाचक म्हणून इथल्या आंबेडकरी अभ्यासवर्गातले एक गृहस्थ येतात, व्यवसायाने संगणक अभियंता. त्यांना मानधन आहे. एका नाटकात लग्न ठरवणारी मावशी फोनवर विचारते, "मुलगी आपल्यातली आहे ना?" मी इंग्रजीत 'आपल्या समाजातली' असं केलं. ते म्हणाले, तुम्ही पुन्हा कोणाला तरी वाचवताय. मी म्हटलं, नाही, इथे खरंच नाही. पुढच्या मंगळवारी पुन्हा बसणार आहोत.